शिक्का पाहिला, नाव पाहिले काय?

घरात येणाऱ्या नव्या वस्तूंची यादी वाचकांनी एकदा करून पाहावी. टीव्ही घ्यायला गेले तर दुकानदार स्मार्ट टीव्हीच पुढे करतो. दारावर कॅमेरा, मुलाच्या मनगटावर घड्याळ, हप्त्यावर घेतलेला फ्रीज किंवा एसी, इतकेच काय पण दिव्याचा बल्बसुद्धा वाय-फायला जोडता येतो. आपल्या वस्त्याही याला अपवाद राहिलेल्या नाहीत. चाळीच्या जिन्यात, वाचनालयात, समाजमंदिराच्या दारात वर्गणी काढून कॅमेरे बसवले गेले आहेत. आई-वडील दोघेही कामावर, घरी म्हातारी आजी आणि लहान मूल, म्हणून पोटाला चिमटा घेऊन हजार-दोन हजारांचा कॅमेरा घेणारी कुटुंबे आमच्या माहितीत आहेत. यात गैर काहीच नाही.

परंतु ही वस्तू भिंतीवर बसली म्हणजे गप्प बसत नाही. ती दिवसरात्र कुठल्यातरी दूरच्या संगणकाशी बोलत असते. घरातले चित्र, आवाज, आपला पासवर्ड, आपले येणे-जाणे, सारे त्या बोलण्यात असते. तेव्हा आपण कोणाशी बोलत आहोत याची खात्री ही वस्तू करून घेते काय? हा प्रश्न ऐकायला तांत्रिक वाटतो, पण तो आपल्या घराच्या उंबऱ्यापर्यंत आलेला आहे. म्हणून या वेळचा स्तंभ आम्ही त्यासाठीच राखून ठेवला आहे.

खिडकीवरचे चार प्रश्न

आम्ही कारकुनी पेशातले. खिडकीतून कागद आत आला की चार गोष्टी पाहायच्या, हे आमच्या हाडीमाशी खिळलेले आहे. पहिली, हा दाखला कोणी दिला आणि देणाऱ्याला तो देण्याचा अधिकार आहे काय? दुसरी, दाखल्यावर ज्याचे नाव आहे तोच हा समोरचा इसम काय? तिसरी, दाखल्याची मुदत संपली तर नाही ना? चौथी, दिल्यानंतर तो रद्द तर झालेला नाही? या चारांपैकी एक जरी प्रश्न गाळला तरी बाकीचे तीन विचारून फारसा उपयोग नसतो.

आपल्या समाजाला हे नव्याने समजावून सांगायला नको. जातीचा दाखला वेगळा आणि जात पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र वेगळे, हे आपल्या दहावी-बारावीच्या मुलालाही ठाऊक असते. महाराष्ट्रात या पडताळणीचा कायदा २००१ साली अमलात आला. त्याआधी आणि त्यानंतरही खोटे दाखले दाखवून राखीव जागा बळकावणारे महाभाग आपण पाहिले. समितीच्या कार्यालयात हेलपाटे घालताना आपली माणसे वैतागतात, कधी चार शब्द जास्तच बोलतात. तरीसुद्धा पडताळणीच बंद करा, अशी मागणी आपल्यातील शहाण्या माणसाने कधी केली नाही. कारण पडताळणी बंद झाली तर खऱ्याचा तोटा होतो आणि खोट्याचे फावते, हे आपण सोसून शिकलो आहोत.

इंटरनेटवरही अगदी हीच व्यवस्था आहे. तिथेही प्रमाणपत्र असते, त्याला सर्टिफिकेट असेच म्हणतात. बँकेचा संगणक, गूगलचा संगणक, कॅमेरा बनवणाऱ्या कंपनीचा संगणक यांच्याकडे आपापल्या नावाचे सर्टिफिकेट असते. ते देणाऱ्या अधिकृत संस्था जगात ठरलेल्या आहेत. आपला मोबाईल किंवा टीव्ही कारखान्यातून बाहेर पडतानाच त्याच्या पोटात अशा मान्य संस्थांची एक यादी भरलेली असते. या मोठ्या संस्था आपल्या हाताखालच्या कार्यालयांना अधिकार देतात आणि ती कार्यालये प्रत्यक्ष सर्टिफिकेट देतात. आपल्याकडे वरून खाली अधिकार येतो, तशीच ही साखळी.

आता कोणी विचारील की सर्टिफिकेटची झेरॉक्स काढून दुसऱ्याने दाखवली तर काय करायचे? त्याचीही सोय आहे. सर्टिफिकेट सर्वांना दिसते, पण त्याच्या जोडीची एक गुप्त किल्ली फक्त खऱ्या मालकाजवळ असते. समोरच्या संगणकाला त्या किल्लीने सही करून दाखवावी लागते. बँकेत नमुना सही ताडून पाहतात ना, तसेच. सही जुळली, नाव जुळले, मुदत ठीक, देणारा मान्य, म्हणजे बोलायला हरकत नाही. ही सगळी तपासणी डोळ्याचे पाते लवण्याआधी होते.

कुलूप आहे, पण किल्ली कोणाकडे?

येथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. दुकानदार सांगतो, "साहेब, सगळे एन्क्रिप्टेड आहे, काळजी नको." एन्क्रिप्टेड म्हणजे सांकेतिक भाषेत लिहिलेले. वाटेत कोणी पत्र फोडले तर त्याला काही कळायचे नाही. हे चांगलेच आहे. पण लाखेने बंद केलेला लखोटा भलत्याच माणसाच्या हाती दिला तर त्या लाखेचा काय उपयोग? तो माणूस लखोटा आरामात उघडील, वाचील, पुन्हा दुसऱ्या लखोट्यात घालून खऱ्या पत्त्यावर पाठवील. उत्तर आले की तेही वाचून आपल्याकडे देईल. दोन्हीकडच्यांना वाटेल की आपले बोलणे अगदी सुरळीत चालले आहे.

या प्रकाराला संगणकाच्या क्षेत्रात "मधला माणूस" अशाच अर्थाचे नाव आहे. हा मधला माणूस कुठे बसतो? एकाच वाय-फायवर असलेला कोणीही तिथे बसू शकतो. फुकटचे वाय-फाय देणारे ठिकाण, पासवर्ड साऱ्या मजल्याला माहीत असलेला राऊटर, किंवा कारखान्यातून आलेला पासवर्ड कधीच न बदललेला राऊटर, ही त्याची आवडती ठिकाणे. त्याला अडवणारी एकच गोष्ट म्हणजे सर्टिफिकेटची पडताळणी. ती चोख असेल तर मधल्या माणसाजवळ खऱ्या नावाचे सर्टिफिकेट नसते, बोलणे तिथेच तुटते. ती ढिली असेल तर कुलूप असून नसल्यासारखे.

संगणकावर किंवा मोबाईलवर आपण ब्राउझर उघडतो तेव्हा अशी गडबड झाली की लाल अक्षरात इशारा येतो. आपण निदान थांबतो, कोणाला तरी विचारतो. पण बल्बला पडदा कुठे आहे? कॅमेरा इशारा कोणाला देणार? तिथे जो निर्णय घ्यायचा तो प्रोग्राम लिहिणाऱ्याने कारखान्यात बसून आधीच घेतलेला असतो. त्याने पडताळणीची ओळ गाळली असेल तर ती वस्तू जो कोणी समोर येईल त्याला मालक समजून सलाम करते, आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

फ्रीजने दिलेला पासवर्ड

वाचकांना हे कल्पनेचे खेळ वाटू नयेत म्हणून एक घडलेले उदाहरण देतो. २०१५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील लास व्हेगास शहरी डेफ कॉन नावाची संगणक-सुरक्षा जाणकारांची परिषद भरली होती. तिथे सॅमसंग कंपनीचा एक स्मार्ट फ्रीज तपासणीसाठी ठेवला होता. त्याच्या दारावर पडदा होता आणि त्यावर घरमालकाचे गूगल कॅलेंडर दिसत असे, म्हणजे कोणाचा वाढदिवस, कोणाची डॉक्टरकडची वेळ वगैरे. हे दिसण्यासाठी फ्रीजमध्ये घरमालकाच्या जीमेलचे नाव व पासवर्ड भरावा लागे.

ब्रिटनच्या पेन टेस्ट पार्टनर्स या संस्थेच्या तपासनिसांनी पाहिले, तर फ्रीज गूगलशी सांकेतिक भाषेतच बोलत होता. कुलूप जागच्या जागी होते. पण समोरून आलेले सर्टिफिकेट खरे की खोटे, हे फ्रीज तपासतच नव्हता. त्याच वाय-फायवर बसलेल्या माणसाने "मीच गूगल" म्हणून घरी बनवलेले सर्टिफिकेट पुढे केले असते, तरी फ्रीजने पासवर्ड त्याच्या हातात ठेवला असता. दूध-भाजी थंड ठेवायला आणलेल्या कपाटाने घराच्या टपालपेटीची किल्ली परक्याच्या हाती देण्यातला हा प्रकार. जीमेल हाती लागले की बँकेचे, शाळेचे, नोकरीचे सगळे पासवर्ड त्यातून बदलून घेता येतात, हे लक्षात घेतले म्हणजे यातील धोका कळेल.

हे एका कंपनीपुरते किंवा एका वर्षापुरते नाही. २०२१ साली अमेरिकेतील नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी घरगुती वापराच्या अशा यंत्रांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी ३२ यंत्रांवर मधल्या माणसाचा प्रयोग करून पाहिला. त्यांपैकी ११ यंत्रे फसली. म्हणजे तिनातले एक! शिवाय, ज्या संस्थांवरचा विश्वास जगाने काढून घेतला होता त्यांची नावे निदान ८ यंत्रांच्या यादीत तशीच राहिलेली त्यांना आढळली. मंडळ बरखास्त झाले, पण त्याच्या अध्यक्षाची सही अजून चालतेच आहे, असा हा कारभार.

एक आणि दोनचा घोळ

शिकलेसवरलेले इंजिनिअर अशी चूक का करतात, हा प्रश्न कोणालाही पडेल. २०१२ साली स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठ येथील सहा संशोधकांनी ब्राउझर सोडून इतर सॉफ्टवेअरमध्ये सर्टिफिकेट कसे तपासले जाते, हे खोदून पाहिले. त्यांच्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच या सॉफ्टवेअरला जगातला सर्वांत धोकादायक कोड म्हटले होते. पैसे देण्याघेण्याची नामांकित सॉफ्टवेअरेसुद्धा त्यात नापास झाली.

त्यातला एक किस्सा तर आमच्यासारख्या कारकुनाला फारच पटला. कर्ल नावाचे एक साधन आहे. इंटरनेटवरून माहिती आणण्यासाठी असंख्य प्रोग्राममध्ये ते वापरतात. त्यात नाव जुळते की नाही हे तपासण्यासाठी एक आकडा भरावा लागे. ० भरले तर तपासणी बंद. २ भरले तर सर्टिफिकेटवरचे नाव आणि आपण ज्याच्याकडे निघालो त्याचे नाव ताडून पाहणार. आणि १ भरले तर? तर सर्टिफिकेटवर कुठले तरी नाव आहे की नाही एवढेच पाहणार! प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी सरळ मनाने लिहिले, "तपासणी करावी काय? होय." संगणकाच्या भाषेत होय म्हणजे १. झाले! लिहिणाऱ्याला वाटले, दार लावले. प्रत्यक्षात दार सताड उघडे. ॲमेझॉनच्या एका पैसे स्वीकारण्याच्या प्रोग्राममध्ये नेमका हाच घोळ सापडला. दाखल्यावर नाव "आहे" एवढे पाहून शिक्का मारणारा आणि नाव "कोणाचे आहे" हे पाहणारा, या दोन कारकुनांत जो फरक तोच १ आणि २ मध्ये. पुढे कर्ल बनवणाऱ्यांनी ही पळवाट बुजवली.

त्याच वर्षी जर्मनीतील हॅनोव्हर व मारबुर्ग येथील विद्यापीठांच्या संशोधकांनी अँड्रॉइड मोबाईलवरची १३,५०० फुकट ॲप तपासली. १,०७४ ॲपमध्ये पडताळणीचा दोष असण्याची शक्यता दिसली. त्यातील १०० ॲप हाताने तपासली तेव्हा ४१ प्रत्यक्षात फसली. आज घरातल्या कॅमेऱ्याचा, टीव्हीचा, घड्याळाचा कारभार मोबाईलच्या ॲपवरूनच चालतो, तेव्हा वस्तू चांगली पण ॲप गाफील, असेही होऊ शकते.

दुसरे कारण म्हणजे कामाची घाई. सॉफ्टवेअर बनत असताना चाचणीसाठी खोटा सर्व्हर लावतात. त्याच्याजवळ अधिकृत सर्टिफिकेट नसते, म्हणून तेवढ्यापुरती पडताळणी बंद करतात. काम संपल्यावर ती पुन्हा चालू करायची राहून जाते. अमेरिकेतील क्रेडिट कर्मा या कंपनीचे हेच झाले. लोकांच्या कर्जाची व पतीची खासगी माहिती दाखवणारे तिचे ॲप पडताळणी बंद असतानाच बाजारात आले. एका वापरणाऱ्याने कंपनीला सावध केले, तरी महिनाभराने आलेल्या अँड्रॉइड ॲपमध्ये तोच दोष! सिनेमाची तिकिटे विकणाऱ्या फँडँगो कंपनीच्या ॲपने तर २००९ ते २०१३ अशी चार वर्षे पडताळणी केली नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने दोघांवर कारवाई केली आणि २०१४ साली झालेल्या समझोत्यात पुढची २० वर्षे दर दोन वर्षांनी बाहेरच्या तज्ज्ञाकडून सुरक्षा तपासून घेण्याची अट घातली.

तिसरे कारण निव्वळ मानवी हातचूक. २०१४ च्या फेब्रुवारीत ॲपल कंपनीला घाईघाईने दुरुस्ती पाठवावी लागली. तिच्या आयफोनच्या प्रोग्राममध्ये एकच ओळ चुकून दोनदा लिहिली गेली होती. त्यामुळे समोरच्या संगणकाची सही ताडून पाहण्याचा टप्पाच वगळला जात होता. जगातल्या सर्वांत श्रीमंत कंपन्यांतली ही गोष्ट. मग नावगाव नसलेल्या स्वस्त कॅमेऱ्याच्या पोटात काय असेल, ते कोण पाहणार?

मुदतीचा फास

नाण्याला दुसरी बाजूही आहे, ती सांगितली नाही तर विषय अपुरा राहील. सर्टिफिकेटला मुदत असते आणि मुदत तपासायला यंत्राला आजची तारीख माहीत पाहिजे. स्वस्त यंत्रात घड्याळाची बॅटरी नसते. वीज गेली की पुष्कळशा यंत्रांची तारीख १९७० सालावर जाते. मग समोर आलेले खरे सर्टिफिकेटही त्यांना "अजून सुरू न झालेले" वाटते आणि यंत्र चालेनासे होते. ग्राहकांच्या तक्रारी नकोत म्हणून काही बनवणारे तारखेची तपासणीच काढून टाकतात. मुले खेळाच्या नादात मोबाईलची तारीख मागे-पुढे करतात, तेव्हा बँकेचे ॲप उघडत नाही, त्याचेही मूळ पुष्कळदा हेच.

आणि मुदत वेळेवर वाढवली नाही तर काय होते? ६ डिसेंबर २०१८ रोजी एरिक्सन कंपनीच्या सॉफ्टवेअरमधील सर्टिफिकेटची मुदत संपली आणि ब्रिटनमध्ये ओटू, जपानमध्ये सॉफ्टबँक या कंपन्यांच्या कोट्यवधी ग्राहकांचे मोबाईल अडले. २०२५ च्या मार्चमध्ये टीव्हीला जोडायचे गूगलचे दुसऱ्या पिढीचे क्रोमकास्ट जगभर एकाएकी बंद पडले. दहा वर्षांपूर्वी दिलेले सर्टिफिकेट संपले होते आणि ते बदलायचे राहिले होते. काही दिवसांनी दुरुस्ती आली. परंतु कंपनी जागेवर होती म्हणून आली. कंपनीच गुंडाळली गेली असती तर धडधाकट वस्तू भंगारात टाकावी लागली असती. हप्ते फेडणाऱ्या कुटुंबाला हा भुर्दंड कोण भरून देणार?

म्हणजे तपासणी सैल ठेवली तर चोर आत, आणि कडक ठेवून देखभाल केली नाही तर मालक बाहेर. दोन्हीवर उपाय एकच, वस्तू विकल्यानंतरही बनवणाऱ्याने तिची काळजी वाहत राहणे. सॉफ्टवेअरच्या दुरुस्त्या, ज्याला अपडेट म्हणतात, त्या वर्षानुवर्षे देत राहणे. स्वस्त मालाची स्वस्ताई पुष्कळदा येथेच साधलेली असते.

शिक्का देणारे कार्यालयच चुकले तर?

कधी कधी दोष दाखला देणाऱ्या कार्यालयातही असतो. २०११ साली नेदरलँड्समधील डिजिनोटार या सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेत चोर शिरले. त्यांनी गूगलसह अनेकांच्या नावे ५०० हून अधिक खोटी सर्टिफिकेटे काढली. त्यातील गूगलच्या नावाचे सर्टिफिकेट इराणमधील लोकांचे टपाल चोरून वाचण्यासाठी वापरले गेले. बाधितांची संख्या सुमारे तीन लाखांच्या घरात होती. सरकारविरुद्ध ब्र काढणाऱ्या माणसाचे खासगी पत्र असे उघडे पडणे म्हणजे काय, हे चळवळीत वावरलेल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. त्याच सप्टेंबरमध्ये ती संस्था दिवाळखोर झाली.

आपल्या देशातही असे घडले आहे. २०१४ च्या जुलैमध्ये नॅशनल इन्फॉर्मेटिक्स सेंटर, म्हणजे सरकारी एनआयसी, हिच्या सर्टिफिकेट देणाऱ्या यंत्रणेतून गूगलच्या नावाची अनधिकृत सर्टिफिकेटे निघाल्याचे गूगलच्या लक्षात आले. केंद्र सरकारच्या प्रमाणन नियंत्रक कार्यालयाने तातडीने एनआयसीची ती सर्टिफिकेटे रद्द केली. म्हणूनच आम्ही वर चौथा प्रश्न सांगितला, रद्द झालेले तर नाही ना? ज्या यंत्राला अपडेट मिळत नाही त्याला ही रद्दबातल झाल्याची वर्दीच पोहोचत नाही. ते जुन्या यादीवर विसंबून बसते.

झळ कोणाला लागते?

आम्हांला या विषयात सर्वांत जास्त टोचते ते हे. ज्याच्याजवळ पैसा आहे तो नामांकित कंपनीचा माल घेतो, माणूस बोलावून नीट बसवून घेतो, तीन वर्षांनी बदलतो. आपल्याकडे वस्तू येते ती सेलमध्ये, हप्त्यावर किंवा दुसऱ्याच्या हातची. बसवायला येणारा मुलगा दिवसाला आठ-दहा घरे करतो, सगळीकडे एकच पासवर्ड टाकतो, "चालू झाले ना?" म्हणून निघून जातो. त्या मुलाला तरी दोष काय द्यायचा! त्याला मोजलेले असतात ते बसवलेले नग. दहा बाय दहाच्या खोलीत कॅमेरा दारावर लावला तरी त्यात सारे घर दिसते. आपल्या मुली-सुनांचे उठणे-बसणे त्यात असते. बंगल्यातला कॅमेरा फाटक दाखवतो, आपला कॅमेरा संसार दाखवतो.

कायदे होऊ लागले आहेत. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून सर्व नगांना एकच सोपा पासवर्ड देऊन वस्तू विकण्यास मनाई झाली आणि अपडेट किती काळ मिळतील हे सांगणे बंधनकारक झाले. युरोपीय संघाचा असाच व्यापक कायदा डिसेंबर २०२४ मध्ये अमलात आला असून त्याची मुख्य बंधने डिसेंबर २०२७ पासून लागू व्हायची आहेत. आपल्याकडे केंद्र सरकारने सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सुरक्षेच्या अटी २०२४ साली जाहीर केल्या आणि एप्रिल २०२५ पासून त्या लागू झाल्या. हे पाऊल स्वागतार्ह आहे. पण टीव्ही, घड्याळ, खेळणी, बल्ब यांचे काय? जी वस्तू घरात ऐकते, पाहते किंवा पासवर्ड ठेवते, तिची पडताळणी तपासूनच ती बाजारात यावी, आणि अपडेट कोणत्या वर्षापर्यंत मिळणार ते किमतीशेजारी मराठीत छापलेले असावे, अशी मागणी आपल्या संघटनांनी करायला हवी. औषधाच्या बाटलीवर मुदत असते, मग कॅमेऱ्याच्या खोक्यावर का नसावी?

घरी काय करावे?

वस्तू पडताळणी करते की नाही हे आपल्याला घरबसल्या पाहता येत नाही. पण धोका पुष्कळ कमी करता येतो. गृहिणींनी आणि शिकणाऱ्या मुलामुलींनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

घेताना दुकानदाराला विचारावे, अपडेट किती वर्षे मिळतील? पक्के बिल घ्यावे. उत्तर मिळाले नाही तर दुसरे दुकान पाहावे.

राऊटरचा आणि कॅमेऱ्याचा कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. वाय-फायचा पासवर्ड साऱ्या मजल्याला वाटू नये. पुष्कळ राऊटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळे वाय-फाय चालू करता येते. टीव्ही, कॅमेरा, बल्ब त्यावर ठेवावेत आणि बँकेचा मोबाईल आपल्या मुख्य वाय-फायवर.

टीव्ही किंवा फ्रीजमध्ये घरातील मुख्य जीमेल भरू नये. त्यासाठी वेगळे खाते काढावे, ज्यावर बँक नाही, शाळा नाही. दोन ठिकाणी एकच पासवर्ड नको.

अपडेटची सूचना आली की ती टाळू नये. मोबाईलची तारीख-वेळ आपोआप राहू द्यावी. "सर्टिफिकेट विश्वासार्ह नाही" असा इशारा आला तर पुढे जाऊ नये, विशेषतः बाहेरच्या वाय-फायवर. आणि कोणी सांगितले म्हणून मोबाईलमध्ये अनोळखी सर्टिफिकेट कधीही बसवू नये. तसे करणे म्हणजे मान्य अधिकाऱ्यांच्या यादीत भामट्याचे नाव आपल्या हाताने लिहिणे होय.

कॅमेरा झोपायच्या व कपडे बदलायच्या जागेकडे तोंड करून लावू नये. गरज नसेल तेव्हा सरळ प्लग काढावा. ज्या वस्तूला इंटरनेटवाचून चालते तिला ते जोडूच नये. बल्बने प्रकाश दिला म्हणजे पुरे!

पैशाची फसवणूक झाली तर वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर फोन करावा. वस्तू सदोष निघाली व दुकानदार दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगाचे दार उघडे आहे. बिल जपून ठेवा म्हणतो ते यासाठीच.

आपल्या मुलामुलींसाठी

शेवटी दोन शब्द आपल्या तरुणांसाठी. आज आपल्या वस्त्यांतून निघालेली कितीतरी मुले-मुली पुण्यात, नवी मुंबईत, हैदराबाद-बंगलोरला सॉफ्टवेअरच्या कंपन्यांत काम करीत आहेत. ज्यांच्या आज्यांना सही येत नव्हती त्या नाती आज अशी सही तपासणारे प्रोग्राम लिहितात, याचा आम्हांला मनापासून अभिमान आहे. त्यांना आमचे सांगणे एवढेच. उद्या माल पाठवायचा आहे म्हणून वरचा साहेब म्हणेल, "ती तपासणी तात्पुरती बंद कर." बंद केली तर ती पुन्हा चालू करण्याची नोंद लेखी ठेवा. १ आणि २ मधला फरक कागदपत्र उघडून वाचा. खोटे सर्टिफिकेट मुद्दाम पुढे करून आपला प्रोग्राम ते नाकारतो की नाही, हे स्वतः पाहा. खरे सर्टिफिकेट स्वीकारले म्हणजे परीक्षा झाली असे नव्हे, कारण डोळे मिटून शिक्का मारणाराही खरा कागद स्वीकारतोच. खोटा कागद परत करता येतो की नाही, यातच पडताळणीचा कस आहे.

तुम्ही लिहिलेली ती ओळ कोणाच्या घरात जाणार आहे, हे तुम्हांला कधी कळणार नाही. कदाचित ती एखाद्या चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत, दारावरच्या कॅमेऱ्यात जाऊन बसेल. तेथील आजीला सर्टिफिकेट म्हणजे काय ते ठाऊक नसेल. तिच्या वतीने ते चार प्रश्न विचारणारे तिथे दुसरे कोणी नाही, फक्त तुम्हीच आहात.